तुम्ही विचारलंत म्हणून: माहेर देवगडचं, मग आफ्रिकेचा आंबा का?

दर नोव्हेंबरात सुरू होतं. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, ऑर्डर घेता घेता फोनवर. "तुमचं माहेर देवगडकडचं ना हो, मग मालावीचा आंबा कसा काय विकता?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "खरा हापूस आहे का पण तो?" इतकी वर्षं मी काहीतरी बोलून विषय बदलते. आज नीट सांगते.

तो आंबा नकली नाहीये. रत्नागिरीकडच्या हापूसच्या काड्या नेऊन तिकडे कलमं केलीयत. कोय पेरली तर झाड कसंही निघेल पण काडी बांधली की झाड तेच असतं, फक्त खुंट, म्हणजे खालचा मुळांचा भाग, दुसरा. मालावी विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे आपल्याकडे मोहोराची वाट बघत असतात तेव्हा तिकडे फळ तयार, ते विमानाने येतं, वाशीच्या फळबाजारात उतरतं, तिथून मी उचलते आणि नेरूळमध्ये घरोघरी देते. लपवण्यासारखं काय आहे त्यात? आणि आपण ज्याच्यावरून एवढे भांडतो ते हापूस नाव तरी कुठून आलं, अल्फान्सोवरूनच ना, गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कचं नाव ते. कलमं बांधायची ती रीतसुद्धा गोव्यात त्यांच्याच पाद्र्यांनी रुजवली म्हणतात. म्हणजे आपला आंबासुद्धा कुणाच्या तरी हातून आलेलाच आहे.

पण हे मी आत्ता बोलतेय. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागातल्या आंब्यालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे, तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळ्यात लांब मेसेज माझा होता. देवगड छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा कसा घालतात, फोटोंसकट टाकलं होतं. स्टेशनबाहेरच्या एका फळवाल्याशी मी इतकी भांडले होते की नवऱ्याने मला हाताला धरून बाजूला नेलं. कॉलेजात असताना, १९९७ ला, टेक्सासच्या एका कंपनीने बासमतीवर पेटंट घेतलं तेव्हाही मी अशीच पेटले होते, आमच्या घरात तर बासमती सणालाच शिजायचा तरी. आणि २०२२ च्या जुलैत युरोपच्या कोर्टाने डेन्मार्कला दोषी धरलं, त्यांच्याकडचे लोक स्वतःचं चीज 'फेटा' या ग्रीसच्या चीजच्या नावाने बाहेरच्या देशांत पाठवत होते आणि सरकारने थांबवलं नाही म्हणून, ती बातमी वाचून मी म्हटलं बरोबर केलं, फेटा ग्रीसचा तो ग्रीसचाच. त्यानंतर चार महिन्यांनी मी मालावीचा पहिला माल उचलला. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी आज काय उत्तर देऊ, मला खरंच कळत नाही. ती चुकीची होती असं मला म्हणवत नाही.

का उचलला ते सांगते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा काकांची अकरा कलमं मुळासकट आडवी झाली, झाडावरचं फळ सगळं खाली. मी लोकांचे ॲडव्हान्स घेऊन ठेवले होते, एकेकाचे परत केले. पुढच्या वर्षी अवकाळीने मोहोर काळा पडला. सलग दोन सीझन गेले आणि मुलीची फी भरायची होती. एवढंच कारण आहे, यात मोठा विचार वगैरे काही नव्हता.

आणि त्याच डिसेंबरात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आले.

बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे काकाच. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले होते, डोळ्यावर तो काळा चष्मा, आणि मी, का केलं असं मला अजून सांगता येत नाही, एक फळ धुऊन त्यांच्या हातात ठेवलं. काही बोलले नाही. बॉक्स आत बेडरूममध्ये होते, पलंगाखाली. त्यांनी आंबा हातात फिरवला, अंगठ्याने देठाजवळ दाबला, नाकाशी धरला, खूप वेळ धरला. मग मला म्हणाले, "काप." मी कापला. एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, कोय चोखून ताटाच्या कडेला ठेवली.

"हापूसच हा," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं. मग म्हणाले, "पन खाऱ्या वाऱ्यातलो न्हय. खंयसून हाडलंस गे?"

मी सांगितलं. मालावी म्हणजे खंय, विचारलं, तेही सांगितलं. आफ्रिकेत आहे, समुद्र नाही त्या देशाला पण मोठं सरोवर आहे, हे मी अशा उत्साहात सांगत होते जणू तेवढ्याने काही जुळणार होतं. ते ऐकत होते. मग एकच विचारलं, "काडी कोणी दिल्यान?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, रत्नागिरीकडून गेली म्हणतात.

काका हात न धुता बसून राहिले. रस वाळून बोटं चिकट झाली होती त्यांची, मी पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्यांना दिसला नाही की त्यांनी बघितला नाही, काय माहीत. वादळात बाग झोपली तेव्हा फोनवर मला धीर देणारा माणूस. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमचीच काडी नेल्यानी आनी आमकाच इकतत." आणि मग, "तू इक. पोरीची फी भरूची असता. पन त्येका हापूस म्हणा नको."

मी हो म्हटलं. आणि आदल्याच आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं होतं, "हापूस आला!" मालावी हा शब्द खाली, बारीक. मोठ्या अक्षरात हापूस लिहिलं की ऑर्डर दुप्पट येतात हे मला माहीत होतं म्हणूनच लिहिलं होतं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालणाऱ्यात आणि माझ्यात त्या आठवड्यात काय फरक होता सांगा. रात्री मेसेज डिलीट करायला गेले तर वेळ निघून गेली होती, होत नव्हता.

तेव्हापासून मी "मालावी आंबा" एवढंच लिहिते. ऑर्डर कमी झाल्या. काही जण विचारतात, मालावी हापूसच ना, मग लिहीत का नाही? आणि मी गप्प बसते कारण माझंही ठरत नाही. झाड तेच आहे. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडजवळ कुणीतरी लावलेलं हापूसचं कलम आहे, ठाणे जिल्हा पाचांत येतो म्हणून त्याला ते नाव चालतं, ट्रकांची धूळ खात उभं आहे ते, खारा वारा त्याला तरी कुठे? मग काकांच्या बोलण्याला अर्थ काय? पण मी देवगडच्या कातळावर वाढलेय, जांभ्याच्या दगडात सुरुंग लावून खड्डे मारतात आणि बाहेरून माती आणून भरतात तेव्हा कुठे तिथे कलम जगतं, ते मी बघितलंय, आणि तेवढं करणाऱ्या माणसाने नाव मागितलं तर मी त्याला काडीचं शास्त्र सांगू? माझी तोंड उघडायची हिंमत नाही झाली. पुढेही होईलसं वाटत नाही.

म्हणून मालावीचा विकते, तसा सांगून विकते, आणि एप्रिल-मेमध्ये काकांचा विकते. तुम्हाला दोन्ही एका बाईने विकणं पटत नसेल तर घेऊ नका, मी रागावणार नाही. पण "खरा कोणता" हे मला विचारू नका.

यंदा जानेवारीच्या शेवटी काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, डोळा बरा आहे म्हणाले, मग जरा थांबून, "तुझो तो आफ्रिकेचो संपलो काय गे?"

संपला म्हटलं, गेल्या महिन्यातच.

"बरा झाला. आमचो मोहोर बरो धरलो हा."