साठ टाक्यांची टोपी

लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर स्वच्छ छापलं होतं: सुई नंबर 11. आणि माझ्याकडे 11 नंबरच्याच सुया होत्या. इकडे परदेशी यायला निघताना आईनं बॅगेत कोंबलेल्या, टोकं वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. म्हटलं, वा, लोकर सुयांची चौकशी करूनच आलेली दिसतेय.

झालं होतं असं की शनिवारी माझी टोपी बसमध्ये राहिली आणि सोमवारसाठी उणे सतराचा अंदाज होता. जिन्यात भेटलेल्या वरच्या मजल्यावरच्या आजींना हे सहज बोलले, तर रविवारी संध्याकाळी त्या दारात हजर. हातात मोरपंखी रंगाचा, नारळाएवढा गुंडा. "शंभर ग्रॅम आहे, टोपीला पुरेल. जेवून बसलीस तर झोपायच्या आत होईल."

मी हसले. त्या हसण्यात थोडा माज होता, लपवत नाही. एका रात्रीत टोपी? माझ्या आईची टोपी म्हणजे इंचाला सात टाके. वीस इंचांच्या घेराला एकशेचाळीस, आणि वर ऐंशीएक ओळी. दहा हजारांच्या आसपास टाके, आणि त्यातला एक जरी सैल पडला तरी सगळं उसवायचं. त्या शाळेत शिकलेल्या मुलीला दोरखंडासारख्या लोकरीची टोपी म्हणजे बालवाडीच. मनातल्या मनात मी तिला 'आळशांची लोकर' असं नावही देऊन टाकलं होतं.

मग टाके घालायला घेतले. पहिला टाका कसाबसा बसला. दुसऱ्याला लोकर सुईपेक्षा जाड दिसायला लागली. पंधरा टाके झाले तेव्हा ते सुईवर गर्दीच्या बाकावर बसल्यासारखे एकमेकांना चिकटून बसले होते आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हते. सुईचं टोक टाक्यात घुसवायला अंगठ्यानं मागून रेटा द्यावा लागत होता. पण माघार घेणार कशी? पट्टीवर 11 लिहिलंय, सुई 11 आहे, म्हणजे चूक माझ्या हाताची असणार. चार ओळी रेटल्या. तो तुकडा टेबलावर उभा केला तर उभाच राहिला. पुठ्ठ्यासारखा.

तेव्हा कुठे पट्टीवरच्या 11 शेजारचे बारीक आकडे वाचले: 8 मिमी. माझ्या सुया 3 मिमीच्या.

आता या नंबरांबद्दल मला बोलू द्या, कारण घरात ऐकायला कोणी नाही. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश मापाचे. नंबर वाढला की सुई बारीक, तारेच्या गेजासारखं. अमेरिकी नंबर बरोब्बर उलटे: नंबर वाढला की सुई जाड. म्हणजे आपली 10 नंबर सव्वातीन मिमी, यांची 10 नंबर सहा मिमी. आपली 8 चार मिमी, यांची 8 पाच मिमी. गंमत म्हणजे 7 नंबरला दोघांची गाठ पडते, दोन्हीकडची 7 साडेचार मिमीची. तिथून पुढे आपापल्या वाटेनं जे जातात ते परत भेटतच नाहीत. तेही चाललं असतं, पण यांच्यात साडेदहा नंबरसुद्धा आहे! 10 म्हणजे सहा मिमी, साडेदहा म्हणजे साडेसहा, आणि पुढच्या अर्ध्या नंबरात एकदम दीड मिमीची उडी मारून 11 म्हणजे आठ. हे कोणत्या हिशेबात बसतं? आपल्या उलट्या नंबरांना निदान कारण तरी आहे. तार बारीक करायची तर ती एकामागून एक लहान भोकांतून ओढून काढायची. जितके जास्त फेरे, तितकी तार बारीक आणि नंबर मोठा. ज्यानं हे ठरवलं त्यानं तार ओढली होती. साडेदहा ठरवणाऱ्यानं काय ओढलं होतं, देव जाणे.

अर्थात ज्या ब्रिटिशांनी आपल्याला हे नंबर दिले तेच आता मिलीमीटरमध्ये मोजतात, आणि आपण त्यांची उतरलेली मापं जपून बसलोय. ते एक असोच.

लोकरीच्या जाडीचं प्रकरण निराळंच. मी आपली दोन पदरी, चार पदरी या हिशेबात वाढलेली. इथे पदर मोजून काही कळत नाही. माझ्या हातातली लोकर एकाच पदराची होती, न पिळलेली, कापसाच्या पेळूसारखी फुगीर. पट्टीवर गुंड्याच्या चित्रात 5 लिहिलेलं. जाडीचे नंबर 0 ते 7, त्यात 5 म्हणजे जाड, 6 म्हणजे फार जाड आणि 7 म्हणजे सुईऐवजी हाताच्या पंजांनीच विणावं अशी. हे मात्र सोपं आहे, मान्य. आकडा वाढला की जाडी वाढते. असं सरळ वागता येतं तर मग सुयांनी काय घोडं मारलंय?

तर तो पुठ्ठा घेऊन वर गेले. आजी हसल्या नाहीत. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला गरम कप ठेवला. "छान जाड झालंय," म्हणाल्या. तो तुकडा अजून त्यांच्याच टेबलावर आहे. मग ड्रॉवरमधून गोल सुई काढून दिली, आठ मिमीची, चाळीस सेंटिमीटर लांबीची, दोन टोकं आणि मधे वायर. शिवाय शेंड्याच्या कामाला त्याच जाडीच्या दोन्हीकडे टोकं असलेल्या चार सुया.

आणि इथे आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, मला दोन सुया द्या, मी सरळ विणून मागे शिवण घालीन. त्यांनी विचारलं, "शिवण? कशाला?" त्या 'कशाला'चा मला भारी राग आला. कशाला म्हणजे? शिवणीमुळे कपड्याला आधार मिळतो. अंगावरचा स्वेटर वर्षानुवर्षं लोंबत नाही तो शिवणीमुळेच. आणि आईची शिवण! ती टोपी आतून दाखवून "शोध बघू" म्हणायची, मला कधी सापडली नाही. हे सगळं मी इंग्रजीत सांगायला गेले आणि "शिवण चांगली असते" एवढंच बाहेर पडलं.

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा पटलं, की या जाडीच्या लोकरीला शिवण घातली तर मानेवर बोटाएवढा वळ उठेल. पण ते मी आजींना अजून सांगितलेलं नाही.

मोठ्या सुईवर चार इंचांत बारा टाके बसले, म्हणजे इंचाला तीन. माझं डोकं बावीस इंच. वीण ताणते, म्हणून टोपी दोन इंच लहान धरायची, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात डोळ्यांवर येते. वीस गुणिले तीन, साठ. एकशेचाळीसची सवय असलेल्या मला साठ टाके म्हणजे कुणीतरी बाकीचं काम उरकून ठेवल्यासारखं वाटलं. गोल जोडताना टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना, हे बघायचं असतं. मी बघितलं नाही. तिसऱ्या फेरीला वीण वायरीभोवती पीळ खाऊन बसली. असा पीळ सोडवता येत नाही, उसवावंच लागतं. उसवलं. साठच तर होते.

त्यानंतर मात्र काम पळालं. दोन इंच दोन सुलट, दोन उलट. मग फक्त सुलट, फेरीमागून फेरी, कारण गोल विणताना पाठीची ओळ येतच नाही. अख्खी टोपी उलट टाक्यांच्या ओळीशिवाय! फसवल्यासारखं वाटत होतं, कोणाला ते कळेना. एका इंचाला चारच फेऱ्या. डोळ्यांदेखत वाढणारं विणकाम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मधेच आईचा फोन. "डोकं झाकून जात जा, अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते." मी सांगितलं, की तसं नसतं, डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, ऊबही त्याच मानानं जाते. चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची ती गोष्ट अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या पुस्तिकेतून पसरली. आई म्हणाली, "बरं. मग कान उघडे ठेव." यावर काय बोलणार? उब लोकरीपेक्षा तिच्यात अडकलेल्या हवेची असते, म्हणून तर फुगीर लोकर इतक्या लवकर गरम वाटते, आणि म्हणूनच माझा घट्ट पुठ्ठा टोपी म्हणून कुचकामी ठरला असता. तेही सांगणार होते. पण पुठ्ठ्याची हकिगत सांगावी लागली असती.

सहा इंचांवर शेंडा सुरू केला. आठ सुलट, दोन एकत्र, असं सहा वेळा. एक साधी फेरी. मग सात सुलट, दोन एकत्र. छत्तीस टाके उरल्यावर साध्या फेऱ्या बंद, प्रत्येक फेरीत सहा टाके कमी. बारीक लोकरीत या घटवलेल्या जागा दिसतही नाहीत. इथे सहा पाकळ्यांसारख्या फिरत फिरत मध्याकडे आल्या. साडेबारा वाजले होते. एकूण दोन हजारांच्या आत टाके. बारा उरले, त्यांतून लोकर ओवली आणि आईच्या सवयीनं एक सणसणीत हिसका दिला.

लोकर तुटली. न पिळलेला एकच पदर. दिसायला दोरखंड, ताणायला पेळू. बारा टाके मोकळे, मधे अंगठा जाईल एवढं भोक. दुसरा तुकडा घेऊन ते कसंबसं आवळलं, आत गाठ मारली, तरी करंगळीएवढं उरलंच. मग उरलेल्या लोकरीचा मोठा गोंडा केला आणि बरोबर त्या जागी बसवला. खरं सांगते, गोंड्यानं टोपीला शोभा आली. सोमवारी ऑफिसात तिघांनी विचारलं कुठून घेतली, आणि मी "रात्री विणली" हे जितक्या सहज म्हणता येईल तितक्या सहज म्हटलं.

संध्याकाळी व्हिडिओवर आईला दाखवली. तिनं चष्मा लावला, टोपी डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली. शिवण नाही हे बघून काही बोलली नाही. थोडा वेळ गोंड्याकडेच बघत राहिली.

"भोक केवढं राहिलंय?" तिनं विचारलं.