टायर आतून खातंय? आधी हात लावून बघा

पुढचं टायर आतून खायला लागलं की तीन माणसं तीन उपाय सांगतात. पंक्चरवाला म्हणतो, पुढची चाकं मागं टाका. टायरवाला म्हणतो, जोडी नवीनच टाका. सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर म्हणतो, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून ठेवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. तिन्ही कामं कधी ना कधी करावीच लागतात, पण क्रम चुकला की तिन्हीचे पैसे पाण्यात. गाडीचं नेमकं काय दुखतंय हे झिजलेल्या टायरवरच उमटलेलं असतं. ते मागं गेलं किंवा भंगारात गेलं की पुरावा संपला, आणि तेच दुखणं नव्या टायरला चिकटतं.

म्हणून पहिलं काम, टायर आहे त्या जागी तपासणं. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे नक्षी उघडी पडते. आतल्या कडेला तारा दिसत असतील तर हात लावू नका आणि ती गाडी चालवूही नका, स्टेपनी चढवा. तारा नसतील तर तळहात नक्षीवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात मऊ सरकला आणि उलट फिरवताना प्रत्येक पट्टीची कड करवतीच्या दातासारखी टोचली, तर टो बिघडलाय. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत तो कोन. आतून बाहेर येताना टोचत असेल तर चाकांची तोंडं पुढून आत वळलेली आहेत, म्हणजे टो-इन जास्त. बाहेरून आत जाताना टोचत असेल तर ती पुढून बाहेर वळलेली, म्हणजे टो-आउट. ही करवत बोटांना आधी कळते, डोळ्यांना कितीतरी उशिरा.

दात नाहीत, पण एकच कड गुळगुळीत होत चाललीय, तर संशय कॅम्बरवर, म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरून किती आत किंवा बाहेर कललंय त्यावर. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी ठेवून गाडी पळवलीय. मधला भाग गेला तर हवा जास्त. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खळगे आणि चालताना घुमल्यासारखा आवाज, तर शॉकअप बसलाय किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. एकाच ठिकाणी चपटा डाग असेल तर ब्रेक जाम होऊन चाक घासत गेलंय.

हाताने कळलं की मग आकडे घ्या. खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. प्रत्येक टायरची खोली आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणी मोजा. कारचं नवं टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोलीचं असतं आणि खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांची पातळी १.६ मिलिमीटर. नक्षी त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपलं. वहीत ‘पुढचं डावं: आत २.९, मध्य ५.५, बाहेर ५.८’ असं लिहा, शेजारी ओडोमीटरचा आकडा, आणि खडूने टायरवर जागा लिहून मोबाईलने फोटो. आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही, तिथं मोबाईल चाकाच्या मागून धरावा लागतो. याच आळसापोटी बरीच टायरं तारा निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाहीत. आत-बाहेर दीड-दोन मिलिमीटरचा फरक दिसला की पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नये, असं माझं मत.

टो एवढा का नडतो, त्याचा हिशेब सोपा आहे. १५ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १ मिलिमीटरचा फरक पडला तर कोन होतो ०.१५ अंश, म्हणजे कोनाच्या मापात ९ मिनिटं (एका अंशाची ६०). पण त्या कोनात चाललेलं टायर दर किलोमीटरला साधारण २.६ मीटर आडवं घासतं. संभाजीनगर ते नांदेड अडीचशे किलोमीटर धरले तर साडेसहाशे मीटर आडवी फरफट. कॅम्बर चुकला तरी टायर जातं, पण दमादमाने. टो मात्र काही हजार किलोमीटरमध्ये कडेचा गोटा करून ठेवतो.

आता हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. डिकीत खताची पोती टाकून निघालात तर दुसरा आकडा. हे आकडे थंड टायरचे आहेत. तापमान सहा-सात अंशांनी बदललं की दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. मे महिन्याच्या दुपारी तापल्या टायरमध्ये ३३ भरून घेतले की दुसऱ्या दिवशी पहाटे ते २९च्या आसपास उतरलेले असतात, आणि तुम्ही मात्र ‘कालच हवा भरली’ म्हणून निर्धास्त. समृद्धीवर १२०ने जायचं असेल तर हवा सकाळी निघण्याआधी तपासा, आणि वाटेत थांबल्यावर गरम टायरमधली वाढलेली हवा काढू नका. कमी हवेचं टायर वाकून वाकून आणखी तापतं आणि तिथंच फुटतं.

आपल्याकडचं आणखी एक. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी नेली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापल्यासारखी बसते आणि वाळून सिमेंट होते. मग हायवेवर ८०च्या पुढं स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगला पळतो. आधी आतून पाण्याचा फवारा मारा, ढेपळं खरवडून काढा, मग बघा. थरथर म्हणजे बॅलन्सिंग, ओढ म्हणजे अलाइनमेंट, एवढं लक्षात ठेवलं तरी चुकीच्या कामाला पैसे जात नाहीत.

ओढीतही एक मेख आहे. रस्त्याला पाणी निघून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणं नैसर्गिक आहे. जोरात ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून फेरी मारा. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, अलाइनमेंटमध्ये नाही. ज्या टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो ते एवढ्या चाचणीपुरतंच असं लावायचं, लगेच परत जागेवर.

अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी चढवण्याआधी ढिलाई तपासलीच पाहिजे. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळतात. चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. वर-खाली धरून हलवा, कटकट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट; कुणाला तरी ब्रेक दाबायला लावा, ढिलाई गेली तर बेअरिंगच. मग डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथं टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा सांधा, बोलतो. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का बघा. लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश पान्याने उचकटून बघायचं. रबर चिरलेलं असेल तर कितीही अलाइनमेंट करा, उपयोग शून्य. कारण गाडी उभी असताना चाक जागेवर असतं, मशीनचा आकडा हिरवा, म्हणजे मापात येतो (मापाबाहेरचा लाल येतो), आणि ब्रेक मारला की ढिल्या बुशमुळे चाक मागं सरकून टो बदलतो. ‘प्रिंट हिरवी आहे तरी टायर खातंय’ या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच निघतं.

डावं पुढचं चाक आपल्या भागात आधी मार खातं, आणि त्याचं कारण रस्त्यावरच दिसतं. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, साइडपट्टी खचते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला की डावं चाक डांबराच्या कडेवरून खाली आपटतं, आणि पुन्हा वर चढताना टायरची बगल घासते. असा एक दणका टाय रॉड किंवा लोअर आर्म वाकवायला पुरतो.

मशीनवर काय व्हायला हवं ते माहीत असलं की फसवणूक टळते. चारही टायरची हवा स्टिकरप्रमाणे केली का? क्लॅम्प लावल्यावर चाक फिरवून किंवा गाडी थोडी ढकलून रिमच्या वाकडेपणाची भरपाई घेतली का? सेन्सर चारही चाकांना लावले का? पुढच्या दोनच चाकांवर काम उरकलं तर मागचा धुरा तिरका आहे का हे कधीच कळणार नाही. मग स्टेअरिंग सरळ धरून कुलूप लावायचं, लॉकनट सैल करायचा आणि दोन्ही टाय रॉड सारख्या प्रमाणात फिरवायचे. एकीकडचाच फिरवला तर टो जुळतो, पण स्टेअरिंग वाकडं बसतं. रॅकचं रबर बूट पिळलं गेलं तर ते मोकळं करायचं, नाहीतर फाटून आत धूळ जाते. काही गाड्यांना शेवटी स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. एवढं नीट करायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत गाडी खाली उतरली तर समजून जा.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागं टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो. त्यांत नेहमीचं ॲडजस्टमेंट एकच, पुढचा टो. ‘दादा, या गाडीला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही’ असं मिस्त्री म्हणाला तर तो बहुतेक खरं बोलतोय. पण तिथं थांबू नये. ॲडजस्ट होत नसलेला कॅम्बर लाल दिसत असेल, डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल, तर काहीतरी वाकलंय: स्ट्रट, नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंवा लोअर आर्म, नाहीतर सबफ्रेम (हे सगळं जिला जोडलेलं असतं ती चौकट) सरकलेली. मागचा आकडा लाल असेल तर बीम किंवा स्टब (चाक बसतं तो छोटा आस) बघायचा. कोणता पार्ट हे शोधणं हेच त्यांचं काम आहे, आणि त्याचेच पैसे द्यायचे.

डीलरकडे गेलात तर तोंडी बोलू नका. जॉब कार्डवर ‘अलाइनमेंट’ एवढा एकच शब्द लिहिला जातो, तो खोडायला लावा. त्याऐवजी लिहून घ्या: ‘पुढचं डावं टायर आतल्या कडेने झिजतंय, खोली आत २.९, बाहेर ५.८, ओडोमीटर ११,४००. टायरच्या जागा न बदलता आधी चारही चाकांचं मापन करावं. आधीची आणि नंतरची प्रिंट द्यावी. सस्पेन्शनची ढिलाई तपासून लेखी कळवावं.’ असं लिहिलं की गाडी शिकाऊ पोराकडे जात नाही. आधीची प्रिंट मागायला विसरू नका. नुसती नंतरची प्रिंट म्हणजे औषध दिल्याची पावती, रोग कुठं होता ते त्यात नसतं.

वॉरंटीत इथंच गोंधळ होतो. गाडीच्या वॉरंटीत टायर सहसा नसतं, ते टायर कंपनीच्या वॉरंटीत असतं. तीही बनावटीच्या दोषाला, उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने. एकसारखी न झालेली झीज टायर कंपनी नाकारते आणि तिचं म्हणणं योग्यही असतं. मात्र झीज वाकलेल्या किंवा अकाली गेलेल्या सस्पेन्शन पार्टमुळे असेल, आणि गाडीला मार लागल्याची खूण नसेल, तर तो पार्ट गाडीच्या वॉरंटीत मागता येतो. म्हणून पार्ट सिद्ध करा, टायरवर भांडत बसू नका.

ॲडव्हायझरने टाळलं तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, सोबत फोटो, दोन्ही प्रिंट आणि जॉब कार्ड. ईमेलमध्ये त्या भागाच्या सर्व्हिस मॅनेजरकडून पाहणी मागा. तिथंही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगातही दाद मागता येते. गाडी संभाजीनगरहून घेतली असली तरी हिंगोलीच्या माणसाने हिंगोलीतच तक्रार द्यावी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

आणि हे सगळं मिटेपर्यंत जुनं टायर दुकानात सोडून येऊ नका. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, तेव्हा ती हातात असावी लागते. टायरच्या बगलेवरच्या चार आकडी तारखेचा फोटो काढा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. त्यावर खडूने पुन्हा ‘पुढचं डावं’ लिहा आणि गोठ्यात किंवा माडीवर, ऊन लागणार नाही अशा जागी उभं करून ठेवा.