बिज्याची रोपं बाटलीत करताना

गडचिरोलीच्या जंगलात बिजा हे औषधी झाड आहे, पण रोपं करायला बसलं की बी दगा देतं. शेंग चपटी, भोवती झालर, आत एखाद-दुसरं बी, आणि उगवण कमी. म्हणून टिशू कल्चर, म्हणजे झाडाचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून रोप करायचं.

मोठ्या झाडाच्या फांदीचा नाद मी सोडला. बुरशी हटत नाही, शिवाय कापलेल्या जागी लाल रस सुटतो. झाड ज्या रसासाठी औषधी, तोच बाटलीत काळा पडतो, तुकड्याभोवतीचा अगार (माध्यम गोठवणारी जेली) तपकिरी होतो आणि तुकडा मरतो. त्यापेक्षा शेंग चाकूने उघडून बी काढायचं, जंतू मारायला ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ४ मिनिटं ठेवायचं, निर्जंतुक पाण्याने पाचदा धुवायचं (हे विष आहे, धुवण मोरीत ओतू नका) आणि बाटलीतच उगवू द्यायचं. १८-२० दिवसांनी बीजपत्रं खोडाला जुळतात तो सेंटिमीटरभर सांधा कापायचा. इथूनच कोंब फुटतात.

एमएस माध्यमात (टिशू कल्चरचं नेहमीचं क्षार-जीवनसत्त्वांचं खाद्य) लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार, १ मिलिग्रॅम बीएपी (कोंब फुटवणारं हार्मोन). बीएपी आधी कॉस्टिक सोड्याच्या दोन-चार थेंबांत विरघळवा, नाहीतर तळाशी बसतं. सामू (पीएच) ५.८, फार उतरला तर अगार गोठतच नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, इथे डिस्टिल्डच हवं. मग ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर २० मिनिटं. तुकडा काळवंडू लागला की वाट न बघता ताज्या माध्यमात हलवा.

खोली २५ अंशांवर, उजेड १६ तास. लाइट गेली, एसी बंद पडला की बाटलीत घाम धरतो आणि कोंब काचेसारखे पाणचट होतात. ते पुढे जगत नाहीत, टाकून द्यायचे.

खरा छळ मुळांचा. ४ सेंटिमीटरच्या कोंबाचं बूड थोडे दिवसच आयबीएमध्ये (मुळं फुटवणारं हार्मोन) ठेवतो, मग निम्म्या ताकदीच्या, हार्मोन नसलेल्या पातळ माध्यमात, फिल्टर पेपरच्या पुलावर. आयबीएत जास्त राहिलं तर बुडाशी गाठ येते. त्या गाठीतून निघालेलं मूळ खोडाशी नीट जुळलेलं नसतं. कुंडीत रोप उभं दिसतं आणि आठवड्यात माना टाकतं.

बाहेर काढताना मुळांवरचं माध्यम कोमट पाण्याने पूर्ण धुवा, साखर राहिली की बुरशी आलीच. निर्जंतुक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर पारदर्शक पिशवी, आठवड्याने एकेक भोक. मे महिन्यात हे करूच नका, आपल्या ४५ अंशांत पिशवीतच रोप शिजतं. पाऊस बसला की सुरू करा. बाटलीतली पानं गळाली तर घाबरायचं नाही. शेंड्याला नवं पान आलं का, तेवढं बघायचं.