शेपटाची गाडी

ऑगस्टमधला शनिवार. कोथिंबीर आणायला निघालो आणि वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर अडकलो. डेट्रॉइटच्या या रस्त्यावर दरवर्षी जुन्या गाड्यांची जत्रा भरते, हे सपशेल विसरलो होतो. जुडी घेऊन दुकानाबाहेर आलो तर समोर ती उभी. १९५९ची कॅडिलॅक एल्डोराडो, टप उघडा, रंग लाल, लांबी पावणेएकोणीस फूट. आमच्या सांगलीच्या माजघरात मावली नसती.

पण नजर जाते ती शेपटाकडेच. दोन बाजूंना दोन उंच पंख आणि प्रत्येकात बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे. हे खूळ कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझायनर हार्ली अर्लचं. महायुद्धातलं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान त्याच्या डोक्यात बसलं, आणि १९४८च्या कॅडिलॅकला पहिली इवलीशी शेपटं फुटली. त्या गाड्यांत पेट्रोलचं झाकणसुद्धा डाव्या मागच्या दिव्याखाली दडवलेलं असे. पंपावरचा नवा पोऱ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत असणार!

आमच्याकडे अशीच एक पत्र्याची गाडी होती. शोकेसमध्ये, कुलपात. पाहुणे आले की बघायची, हात लावायचा नाही. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी किल्ली मिळवली. फरशीवर गाडी सुसाट सोडली, आडवा हात घातला आणि त्या शेपटाने तर्जनी चांगलीच कापली. रक्तापेक्षा आजीच्या ‘गंजका पत्रा, धनुर्वात होईल’ने जास्त घाबरलो. इंजेक्शन घ्यावंच लागलं. गाडी पुन्हा कुलपात गेली, ती कायमची.

त्या काळातली देखणी गाडी कोणती, असं जाणकारांना विचाराल तर ते १९६१ची लिंकन कॉन्टिनेन्टल दाखवतील. पंख नाहीत, नक्षी नाही, एका रेषेत ओढलेली गाडी. टप उघडणारी असून चार दारं, तीही कपाटासारखी समोरासमोर उघडणारी. सुंदरच आहे. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, जेवढ्यास तेवढी. माझं मन मात्र त्या बिनकामाच्या पंखांवरच. विमान काही उडायचं नाही, हे काय अर्लला कळत नव्हतं?

मालक म्हातारा घडीच्या खुर्चीत बसला होता. मला घुटमळताना पाहून म्हणाला, ‘‘लाव की हात, काही होत नाही.’’

मी उजवा हात खिशात घातला. डाव्या हातातली कोथिंबीर केव्हाच मान टाकून बसली होती.