आल्टोत सायकल

आमच्या आल्टोच्या डिकीत भाजीच्या दोन पिशव्या आणि एक छत्री ठेवली की डिकी भरली, असा घरातला हिशेब. तिच्यात मी सायकल घालणार म्हटल्यावर नवरा नुसता हसला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग चालवतच जा की!"

चालवायला माझी ना नाही. ठाण्याच्या नौपाड्यातून पहाटे निघून उपवन, तिथून येऊरचा चढ, हे आठवड्यातून तीनदा होतंच. पण मला मुरबाडच्या पुढच्या टोकावड्याहून माळशेज घाट गाठायचा होता. त्यासाठी आधी साकेतचा पूल, रांजनोली नाका, दुर्गाडी, शहाड असं ट्रकांच्या धुरातून जायचं? पन्नाशीत एवढी हौस परवडत नाही. गाडीमागे टांगायचे कॅरिअर मिळतात, पण ते नंबर प्लेट झाकतात, आणि सहा दिवस ती लोखंडी हाडं घरात ठेवायची कुठे?

टेप घेऊन खाली गेले. सायकल टायरपासून टायरपर्यंत १७५ सेंटीमीटर, आणि मागची सीट पाडूनही गाडीत तेवढी लांबी नाही. पण दोन्ही चाकं काढली की उरते ती नुसती फ्रेम, जेमतेम १०५. खरं तर गाडीत मावत नाहीत ती लावलेली चाकं, सायकल मावते. हे एकदा डोक्यात शिरलं आणि पुढचं सोपं वाटलं. सोपं नव्हतं.

पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. वॉचमनकाका, पहिल्या मजल्यावरचे आजोबा आणि दूधवाला, तिघांचे तीन सल्ले. आजोबांचं म्हणणं, सायकल उलटी घाला. दूधवाल्याचं म्हणणं, विकून टाका. मी मागचं चाक ओढतेय तर चेन त्यात अडकलेली. नंतर कळलं की चाक काढण्याआधी मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणायचा असतो. चेन सैल पडते आणि चाक खाली सुटतं. मग हँडल फिरवून फ्रेमला समांतर केलं, सीटचा दांडा पूर्ण काढला (त्याआधी उंचीच्या खुणेला इन्सुलेशन टेप, नाहीतर घाटात गुडघे बोलतात) आणि ड्रायव्हरशेजारची सीट पार पुढे सरकवली.

फ्रेम आडवी घालताना चेनची बाजू वर. हे मात्र विसरू नका. गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या हँगरवर लटकतो, तो मऊ धातूचा असतो. सगळं वजन त्यावर आलं की वाकतो, आणि मग गिअर आपल्या मनाने उड्या मारतात. खाली सासूबाईंची जुनी गोधडी, फ्रेमवर चादर, वर दोन्ही चाकं, आणि सगळ्याला एक दोरी. खारेगावच्या पुढे एका टेम्पोने अचानक ब्रेक मारला तेव्हा त्या दोरीचं मोल कळलं.

पण खरी फजिती टोकावड्याला झाली. भाचा हौसेने बरोबर आला होता, आणि अख्खा मुरबाड रस्ता मागे हात घालून सायकलचा ब्रेक दाबत बसला होता. मला वाटलं, खेळतोय, खेळू दे. सायकल बाहेर काढली, पुढचं चाक बसवायला गेले, तर डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला दोन्ही बाजूंनी धरतात ती चाकावरची चकती, आत जाईना! तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचं असं असतं की मध्ये चकती नसताना लिव्हर दाबला तर दोन्ही पॅड एकमेकांना येऊन चिकटतात आणि आपणहून मागे जात नाहीत. पंक्चरवाल्या दादांनी चपट्या स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून पॅड हळूहळू फाकवले. पैसे घेतले नाहीत, उलट भाच्याला दम दिला, "आता हात खिशात ठेव हां!" घाट सुरू व्हायला नऊ वाजले आणि ऊन डोक्यावर आलं. अर्ध्यातून परतले.

तेव्हापासून चाक काढलं की औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा तीनदा घडी घालून पॅडच्या मध्ये जातो. आणि चेनला लागलेला हात डिस्कला लावायचा नाही, त्यासाठी एक जुना मोजा डिकीत कायम असतो. तेल लागलं की ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही.

आता काढायला-घालायला बारा मिनिटं लागतात. आजोबा अजून गॅलरीतून बघतात आणि "उलटी घाला" म्हणतात. गोधडीला काळं वंगण लागलंय, ते तीन धुण्यांत गेलं नाही. सासूबाईंनी अजून ती मागितलेली नाही, पण दिवाळीची साफसफाई जवळ येतेय.