दोन्ही वेळा हिरवे आकडे

तीच गाडी तिसऱ्यांदा रॅम्पवर चढली तेव्हाच पोटात गोळा आला. तक्रार तीच: रेस दिली की डावीकडे ओढते, पाय काढला की सरळ चालते, आणि पुढचा डावा टायर आतून खातोय. आधीची दोन्ही अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, माझ्याच हातची. दोन्ही प्रिंटवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत.

हवा समान केली, चाकं उचलून टाय रॉड, बॉल जॉइंट, बेअरिंग हलवून पाहिले. कुठेच प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. मशीनचा कॅमेरा ज्यांवरून कोन मोजतो ते क्लॅम्प चाकांना लावले, गाडी मागे ढकलून पुढे आणली. डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाकाचं तोंड सरळ रेषेपासून किती वळलंय तो कोन, आत ६ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पण पोराने जरा जास्तच ढकलली होती, चाक त्याच्याखालच्या फिरत्या तबकडीच्या, टर्नटेबलच्या, मध्याच्या चार बोटं पुढे गेलेलं. म्हणून गाडी थोडी मागे घेतली. आता तोच टो बाहेर १२ मिनिटं. काहीही न फिरवता १८ मिनिटांचा फरक, म्हणजे जवळपास एक तृतीयांश अंश!

गॅरेजचे मालक म्हणाले, मशीन बिघडलंय, कॅलिब्रेशनवाल्याला बोलव. आकडे नाचले की आमच्याकडे पहिला संशय मशीनवर येतो, याचा मला राग येतो. कॅमेरा चुकला असता तर मागच्या चाकांचे आकडेही हलले असते, आणि ते जागचे हलले नव्हते. तरी डावा-उजवा क्लॅम्प अदलाबदल करून पाहिला. फरक क्लॅम्पबरोबर गेला नाही, डाव्या चाकालाच चिकटून राहिला.

दुसरा कारागीर म्हणाला, स्टिअरिंग हललं असेल. पण स्टिअरिंग किंचित फिरलं तर एका चाकाचा टो जितका वाढतो तितकाच दुसऱ्याचा घटतो, बेरीज तीच राहते. इथे बेरीजच बदलत होती.

मग मुद्दाम मोजलं. गाडी पुढे ढकलून थांबवली, रीडिंग. मागे ढकलून थांबवली, रीडिंग. पाच वेळा केलं, पाचही वेळा तोच खेळ. खाली उतरलो, डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मागच्या बुशपाशी (सांध्यातलं रबर) टॉमी, म्हणजे छोटी पहार, घातली आणि दाब दिला. रबर स्लीव्हपासून सुटून नख जाईल एवढी फट उघडली. टॉमी सोडली, फट मिटली. नुसतं बॅटरी मारून पाहणाऱ्याला तो बुश धडधाकट दिसला असता. मलाही दोनदा दिसला होता.

गाडी मागे ढकलली की चाक आर्मसकट पुढे सरकायचं आणि टो बाहेर जायचा. रस्त्यावर रेस दिल्यावरही पुढची चाकं गाडीला ओढतात, तेव्हा चाक तसंच पुढे सरकणार. आम्ही मात्र शिस्तीत दरवेळी मागे-पुढे करून शेवटी पुढेच थांबवायचो. म्हणून आकडे दरवेळी जुळायचे. पोराने त्या दिवशी बरोबर ढकलली असती तर मी तिसरी हिरवी प्रिंट काढली असती.

नवे बुश बसवल्यावर पुढे-मागे कशीही ढकलली तरी फरक २ मिनिटांच्या आत. गाडीवाल्या काकांनी जुन्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवला. ती करवतीसारखी लागत होती.

"दोनदा करून घेतलं होतं ना रे?" त्यांनी विचारलं.

"हो काका," एवढंच म्हणालो.