देवबागचं पाणी वाचवूया
आज मालवणजवळ देवबागला मामांकडे शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) खणत होते, थोडं खणलं नाही तोच लगेच पाणीच लागलं! एकीकडे समुद्र दुसरीकडे कर्ली खाडी, मधे नुसती वाळूची पट्टी, विहिरीचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाचा थर, आणि त्याच वाळूत आपण सगळे सांडपाणी सोडतो. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो हो, पण जंतू आणि नायट्रोजन बरेचसे पाण्याबरोबर बाहेर जातात. मामांना म्हटलं खड्डा उथळ ठेवा, विहिरीपासून लांब घ्या, आणि सांडपाणी खड्ड्यात जायच्या आधी गाळायला सिमेंटच्या हौदात खडी भरून कर्दळ लावू, मामी लगेच तयार झाली. पण सीझनला एवढे पर्यटक येतात, एकट्या घराने नाही भागणार, वाडीपुरता सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट हवाच. ग्रामसभेत विषय मांडतेय, प्लीज सगळे या.